साखरेच्या कणकेतला डिंक

लग्न होऊन पालघरला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूने मला घर दाखवलं. चूल, पाण्याचा हौद, देवघर, मागच्या अंगणातली बेकरीची भट्टी. मग एका बंद खोलीच्या दाराशी उभी राहून ती म्हणाली, "हितं साखरेचं काम चालतं. तुजा हात हितं लागायचा नाय. तुज्या हाताला वास येतो."

अंगावरची हळद अजून उतरली नव्हती माझ्या. वास असलाच तर हळदीचा असेल. पण सासूच्या नाकाने एकदा ठरवलं की ठरवलं. त्या नाकापुढे कुणाची मात्रा चालत नसे.

माझं माहेर तारापूरच्या खाडीवरचं. बापाची होडी होती, आई सुकी मासळी घेऊन बाजार करायची. म्हणजे माझ्या हाताला वास होता हे सासूचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण ती स्वतः कुठल्या राजवाड्यातून आली होती? तिचं माहेर एडवणचं, तिच्या भावाच्या होड्या तेव्हाही दर्यावर जात होत्या. फरक इतकाच, की माझे सासरे तरुणपणी मुंबईच्या एका मोठ्या बेकरीत कामाला लागले, तिथे पाव-केक शिकले आणि पालघरला स्टेशनजवळ स्वतःची भट्टी घालून बसले. ते गेल्यावर सासूने गळ्यात तुळशीची माळ घातली, घरातली मासळी बंद केली आणि नाकाने कांदे सोलायला लागली. गिऱ्हाईक आलं की "आपल्याला काय हवं आहे, बसा ना" असं पुस्तकातल्यासारखं बोलायची. गिऱ्हाईक गेलं की मला हाक मारताना एडवणचा सगळा किनारा तिच्या तोंडात यायचा.

नवऱ्याचंही सांगून टाकते. त्या काळी बायका नवऱ्याला 'हे' म्हणायच्या, मीही चारचौघांत म्हणायचे. इथे मी 'तो' म्हणणार आहे. मनात त्याला मी कित्येक वर्षं तोच म्हणत आले.

तर घरात आम्ही चौघं. सासू, माझी मोठी नणंद, नवरा आणि मी. नणंदेचा नवरा होता, पण तो जेवायला आणि झोपायला तेवढा होता, त्याला मी मोजत नाही. नणंद लहानपणापासून आईच्या हाताखाली साखरेची फुलं करायची. गुलाब, मोगरा, पानं, वेली. केकवर बसवायची. पांढरंशुभ्र काम असायचं, हे मी कबूल करते. माणूस आवडत नाही म्हणून त्याच्या कामाला नावं ठेवायची, असं मी करत नाही. माणसालाच ठेवते.

तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात चाललं होतं. साठचं दशक अर्धं सरलं होतं. बोईसर म्हणजे पूर्वी गवताच्या गंजी आणि एक स्टेशन. तिथे आता ट्रक, मुकादम, फिटर, आणि कानावर सगळीकडून हिंदी. वसाहतीत परदेशी इंजिनिअर बायकापोरांसकट राहायला आलेले. त्यांच्याकडे महिन्यातून कुणाचा ना कुणाचा वाढदिवस. सासूने ते बरोबर हेरलं आणि बोईसर स्टेशनबाहेर एक गाळा धरून ठेवला. तिथे कोण जाऊन बसणार, यावर घरात तोंडं वाकडी व्हायला लागली. सासूने एका वाक्यात निकाल दिला. "जिला कनिक जमंल आनि फूल जमंल, तिला बोईसर."

कणीक म्हणजे साखरेची कणीक. फुलं जिच्यातून घडवतात तो लगदा. आज लोक त्याला फॉन्डंट म्हणतात आणि डब्यातून विकत आणतात.

मला बोईसर हवं होतं. ते दुकान, त्याच्यामागची एक खोली, आणि त्या खोलीत माझी स्वतःची चूल, जिच्यावर मी बोंबील भाजले तरी कुणी उंबऱ्यात उभं राहून नाक मुरडणार नाही. इतकं काही मी आयुष्यात दुसरं मागितलं नसेल. आणि ते मिळवायची वाट त्या बंद खोलीतून जात होती, जिच्यात माझा हात चालत नव्हता.

साखरेच्या कणकेचं मर्म काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. साखर कुटायची, मलमलीतून गाळायची, इतकी की बोटाला लागू नये. थोड्या साखरेचा लिंबू पिळून पाक करायचा, त्यात ग्लिसरीनचे थेंब, आणि तो पिठीसाखरेत घालून मळायचं. एवढ्याने केकवर अंथरायची चादर होते. पण फूल होत नाही. पाकळी लाटायला गेलं की कडा फाटतात, उभी केली की मान टाकते. पाकळी कागदासारखी पातळ लाटली जावी आणि तरी उभी राहावी, यासाठी कणकेत चिवटपणा लागतो. तो चिवटपणा कशाने आणायचा, हेच सासूचं गुपित. दार लावून ती एकटीच ते मिश्रण करायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "डिंक घातला हाय." नणंदेलासुद्धा मळलेला गोळाच मिळायचा.

खोलीत माझा हात चालत नव्हता, पण खोलीतली भांडी घासायला चालत होता. एकदा एनॅमलचा एक वाडगा आला. तळाला पापुद्रा चिकटलेला, काचेसारखा. मी त्यावर गरम पाणी ओतलं, आणि जो वास वर आला त्याने मी थेट बापाच्या ओट्यावर जाऊन बसले.

बोत होतं ते. घोळ मासा असतो ना, त्याच्या पोटातली हवेची पिशवी. आमच्याकडे घोळ लागली की आधी बोत काढायचं, धुऊन फळीवर ताणून सुकवायचं. सुकलं की पिवळट, अर्धपारदर्शक, चिवट. मुंबईचे व्यापारी येऊन माशाआधी त्याचा भाव करायचे. कोमट पाण्यात भिजवून आटवलं की त्याची सरस, म्हणजे चिकट खळ, होते, आणि ती सरस साखरेत घातली की पाकळी काय, होडी उभी राहील. सुकलेल्या बोताला वास नसतो. भिजलं की मात्र क्षणभर येतो, आणि तो ओळखायला माझ्यासारखंच नाक लागतं. ज्या हाताला वास येतो म्हणून मला दाराबाहेर ठेवलं, त्याच हाताला हे सापडलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा.

नवऱ्याला विचारलं. तो पाणी पीत होता. म्हणाला, "बाबांच्यापासून हाय ते. मुंबईच्या बेकरीत विलायती सरस यायची, लढाईत ती यायची बंद झाली, तवा बाबांनी हे काढलं. मीच आनतो मामाकडून, नारलांच्या खाली घालून. तू बोलू नको कुठं."

"आनि आईंची तुलशीची माल?"

"माल गल्यात हाय," तो म्हणाला, आणि तांब्या ठेवून निघून गेला. तांब्यासुद्धा पालथा घातला नाही.

मी बोलले नाही कुठे. पण ठरवलं, कणीक मी माझी करीन. मी काही सोवळी नव्हते. मासे खात होते, आजही खाते. पण ती बाई मला दिवसातून चारदा हात धुवायला लावणार आणि मी तिच्याच बोताची सरस तिच्यासारखी चोरून वापरणार, हे मला जमण्यातलं नव्हतं. खरा डिंक घालून फूल उभं करून दाखवायचं, अशी ईर्ष्या मनात बसली. ईर्ष्या वाईट असते म्हणतात. माझ्याकडे तेव्हा दुसरं भांडवलच नव्हतं.

साखर रेशनवर. मी बिनसाखरेचा चहा प्यायला लागले आणि माझ्या वाटची साखर डब्यात टाकत गेले. दुपारी सासूचा डोळा लागला की भट्टीमागे बसून प्रयोग. आधी लाडवातला डिंक घेतला. तो कुटून पाण्यात विरघळवला, तर कणीक तपकिरी झाली आणि सुकल्यावर पाकळ्या पापडासारख्या मोडल्या. मग बाजारातल्या काष्ठौषधीवाल्याने कतीरा दिला. हा वेगळाच डिंक, उन्हाळ्यात थंडाईला घालतात तो. चिमूटभर भिजत घातला तर सकाळी वाटी भरून फुगलेला. मी हावरटासारखा सगळाच घातला. कणीक अशी रबरी झाली की लाटलं की परत जागेवर. पोळपाटावर मी आणि ती, दोघींची रस्सीखेच चाललेली.

मग कमी केला. फडक्यातून पिळून नुसता चीक घेतला. कणीक ओढून बघायची. चटकन तुटली तर चीक हवा, लांब तार निघून मागे आली तर साखर हवी. आणि वारा बघायचा. समुद्रावरून वारा वाहायला लागला की हवेतलं पाणी साखर पिते आणि फुलं घामेजतात. तेव्हा ग्लिसरीन बंद, पिठीसाखर आणि आरारूट जास्त. थंडीत जव्हारच्या बाजूने कोरडा वारा आला की उलट, कडा तडकतात. तेव्हा ग्लिसरीनचे थेंब वाढवायचे, आणि मळताना हाताला वनस्पती तूप. मळलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात मुरू द्यायचा, लगेच लाटायला घ्यायचा नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. फसत गेले आणि कळत गेलं. पाकळीला खोलगट आकार यावा म्हणून मी माहेरून शिंपले आणले, त्यांत पाकळी ठेवून भट्टीवरच्या फळीवर सुकवायची. शिंपल्याची ती रेघ पाकळीवर अशी उमटायची की खऱ्या गुलाबाने बघत राहावं.

फुलं सासूपुढे नेऊन ठेवली. तिने एक उचललं, नखाने टिचकी मारली, दातांत धरून बघितलं, जिभेवर घोळवलं. तिच्या सगळं लक्षात आलं. "काय घातलंस?"

"डिंक," मी म्हटलं.

नजरेला नजर भिडली. तिने ते फूल चिमटीत धरून माझ्यासमोर चुरलं. "काच हाय नुसती. पोरांच्या दातात जाईल."

पण गंमत बघा. त्याच आठवड्यात वसाहतीत एक केक जायचा होता आणि हवा दमट. नणंदेने केलेले गुलाब संध्याकाळपर्यंत घामेजले आणि मान टाकून बसले. सरस असली म्हणून काय झालं, हवेप्रमाणे साखर वाढवायची असते हे आईने लेकीला सांगितलंच नव्हतं. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून माझे गुलाब गेले. पुढच्या वेळी वसाहतीतून चिठ्ठी आली, तसलेच गुलाब पाठवा. सासूने मला खोलीत घेतलं. कसं घेतलं? "हात घासून ये. मातीनं घास, नुसतं पानी नको." असं घेतलं.

नणंदेने माझ्याशी बोलणं सोडलं. एकाच पाटाशी समोरासमोर बसून आम्ही फुलं करायचो आणि तिला आरारूट हवं असेल तर ती भिंतीला सांगायची, "आरारूट दे म्हनावं." मी भिंतीलाच सांगायचे, "उठून घे म्हनावं." असे महिने गेले. घरात एक माणूस धड बोलत नव्हता आणि खोलीत आम्ही गुलाब करत होतो.

नवरा मधूनमधून म्हणायचा, "जमतंय तुला. बोईसर आपलंच." तेवढ्यावर मी दिवस काढायचे. मला वाटायचं, हा माझ्या बाजूचा आहे, फक्त आईपुढे तोंड उघडत नाही. तोंड न उघडणारा माणूस कुणाच्याच बाजूचा नसतो, हे समजायला फार उशीर झाला.

मग पेठेतल्या एका मोठ्या किराणा व्यापाऱ्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला. व्यापाऱ्याच्या बायकोला सगळे शेठाणीबाई म्हणत. घर असं कडक की कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याच्या आत नाही. पण होणारा जावई मुंबईचा, त्याला केक कापायचा होता. शेठाणीबाई स्वतः आमच्याकडे आल्या. अंडं नको, वर साखरेची कमळं हवीत, आणि अट एकच: त्यांच्या घरची साखर, त्यांचं तूप, आणि भांडीसुद्धा त्यांचीच. आमच्या घरातल्या एकाही भांड्याला त्या कामात शिवायचं नाही. पितळेची परात, पातेली, एक छोटी तपेली, सगळं कल्हई करून, नोकराच्या डोक्यावर देऊन पाठवलं.

सासूने माळेला हात लावला. "काळजी करू नका, शेठाणीबाई. आमच्याकडे सगळं शुद्ध आहे."

मी दाराआड होते. शेठाणीबाईंची पाठ वळल्याबरोबर पुढे आले. "आई, ह्या कामाला कनिक माजी. तुमची नको."

"का गं?"

"का ते तुमाला ठावं हाय. घोलीचं बोत हाय त्यात."

नणंदेच्या हातातलं लाटणं थांबलं. सासू हळूच उठली, दार लावून घेतलं आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं, नाही म्हणेल. नाही म्हणाली असती तर निदान लाजली असं झालं असतं. ती म्हणाली, "मग? बोत म्हंजे मासली हाय का? मासली खातात. बोत कोन खातो? तुज्या बापानं खाल्लं कदी? इकतो ना तो? सुकं चामडं ते. त्याला ना रगत, ना काटा, ना वास."

आणि हे ती मनापासून बोलत होती. ही त्यातली खरी गोष्ट आहे. आमच्या किनाऱ्यावर बोत खरंच कुणी ताटात घेत नाही, ती विकायची वस्तू. माळ घातल्यावर तिने मासळी सोडली होती, बोत सोडायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ती स्वतःला शुद्ध समजत होती आणि मला वास मारणारी.

"हे शेठानीबाईंना सांगाल?" मी विचारलं.

तिचे डोळे बारीक झाले. "तू सांगशील?"

"मी कशाला सांगू? मी कनिक करते माजी. तुमचं बोत राहू द्या डब्यात."

तिने दाराची कडी काढली. मग म्हणाली, "कर. पन कमल उभं रायलं नाय तर बोईसर इसर. उभं रायलं तर घे तुजं बोईसर, जा, आनि भाज तिथं बोंबील."

बोंबलांचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं होतं.

दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. शेठाणीबाईंची साखर बारीक, चांगली. कतीऱ्याचा चीक मी तीनदा गाळला. हवा दमट होती म्हणून ग्लिसरीनला शिवले नाही, आरारूट वाढवलं. कमळाची पाकळी गुलाबासारखी नसते, ती टोकाला निमुळती आणि पोटात खोल. शिंपले इथे चालणार नव्हते, म्हणून केळीच्या सोपटाचे, खोडाच्या सालीचे, तुकडे धुऊन त्यांत पाकळ्या ठेवल्या. पहिलं कमळ जोडलं आणि ताटात ठेवलं. सकाळी बघितलं तर जसंच्या तसं, एक पाकळी हललेली नाही. मी एकटीच होते तिथे, आणि मला हसू फुटलं. वाटलं, झालं. सुटले मी.

सासूनेही ते कमळ बघितलं. काही बोलली नाही. बोलली नाही तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी भट्टीवर पाकळ्या सुकवण्यात गुंतले.

त्या दुपारी पुढच्या बाजूने आवाज आला. बायकी, चढलेला. मी हात पुसत आत आले. खोलीचं दार उघडं होतं. मध्यभागी शेठाणीबाई, त्यांच्या हातात त्यांचीच पितळेची तपेली. त्या तयारी कशी चालली आहे ते बघायला न सांगता आल्या होत्या. तपेलीत कोमट पाणी, आणि पाण्यात पिवळट, लोंबणारी पट्टी.

सगळं मला एका क्षणात कळलं. सासूला माझं कमळ उभं राहिलेलं चाललं नव्हतं. माझ्या पाठीमागे ती आपली कणीक मळणार होती, लेकीकडून कमळं करून घेणार होती, आणि माझी कुठेतरी चुरून टाकणार होती. त्यासाठी तिने बोत भिजत घातलं. आणि आमच्या घरातल्या भांड्याने शिवायचं नाही, ही शेठाणीबाईंची अट तिने इतकी इमानाने पाळली, की बोत भिजवलं ते त्यांच्या कल्हईच्या तपेलीत. ह्यावर हसायचं की रडायचं, मला आजही ठरवता येत नाही.

"हे काय आहे?" शेठाणीबाईंनी तपेली पुढे केली. "हे कुठल्या जनावराचं आहे?"

सासूचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता तरी. पण तिचा हात माळेकडे गेला आणि तिला वाचा फुटली. स्वच्छ पुस्तकी वाचा. "सुनेने घातलंय ते, शेठाणीबाई. माशाचं आहे. तारापूरच्या मासळीवाल्याची मुलगी, माहेरून आणलं असेल. मी सांगितलं होतं तिला, ह्या खोलीत हात लावू नको म्हणून."

मी म्हटलं, "खोटं! माजा डिंक तिथं हाय, बघा, वाटीत हाय!" वाटी दाखवायला पुढे झाले, तर शेठाणीबाई एक पाऊल मागे सरल्या. माझी सावली अंगावर पडू नये म्हणून सरतात तशा. नणंद माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं, दोन दिवसांपूर्वी तिच्यासमोर बोलणं झालं होतं. तिने खाली बघून आरारूट चाळायला घेतलं.

आणि दारात नवरा. एडवणहून तो त्याच सकाळी आला होता. त्याने आणलेल्या नारळांची पिशवी अजून भिंतीशी उभी होती.

शेठाणीबाई बऱ्या बाई होत्या. एकीचं ऐकून दुसरीला फासावर द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्या त्याच्याकडे वळल्या. "तू सांग, भाई. तुझी बायको आहे ही. तिने टाकलं हे?"

मी त्याच्याकडे बघितलं. बोल, म्हटलं मनात. आयुष्यात एकदा तोंड उघड.

त्याने उघडलं. "हो," तो म्हणाला.

शेठाणीबाईंनी तपेली जमिनीवर ठेवली. परात, पातेली, काही परत नेलं नाही. ती भांडी आता त्यांच्या घरात कशी जाणार? हात धुवायला पाणी तेवढं मागितलं, तेही वरून ओतून घेतलं, आणि निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत पेठेत सगळ्यांना कळलं होतं की पालघरच्या बेकरीतली सून साखरेत मासे घालते. सासूची कीव करायला दोन-चार बायका घरीसुद्धा येऊन गेल्या. तिने त्यांना नानकटाई दिली.

माझी कमळं फळीवर तशीच उभी होती. मी ती उचलून भट्टीत टाकली. साखर आहे, भुरकन जळते.

रात्रीची जेवणं मी वाढली नाहीत. खोलीत बसून राहिले. तो आला, बाजूला बसला. माझ्या पाठीवर हात ठेवायला गेला, मी सरकले. तो म्हणाला, "आईची माल हाय गं. तिचं नाव गेलं असतं तर दुकानच बसलं असतं. तुजं काय गेलं? तू मासलीवाल्याचीच पोर. लोकांना काय नवीन कललं?"

माझं काय गेलं, हे ज्याला सांगावं लागतं त्याला सांगून काय उपयोग?

मग त्याचा आवाज जरा उजळला. जत्रेतून काहीतरी आणलेलं पोर दाखवतं तसा तो म्हणाला, "आईनं आत्ताच सांगितलं. बोईसरचं दुकान आपल्याला. परवाच जायचं. पाव-बिस्किटं आपन इकायची, फुलं ताई करून पाठवील हितून. तुज्या हातची आता कोन घेनार नाय ना, म्हनून." आणि माझ्या तोंडाकडे वाकून बघत त्याने विचारलं, "तुला हवं होतं ना?"

हवं होतं. त्याने ते मलाच विकून आणलं होतं. मी उठले आणि ट्रंक भरायला घेतली, कारण जायला दुसरी जागा नव्हती.